कंट्रोलर जोडला गेला म्हणजे चाललाच, असं नाही

गेमिंग कंट्रोलर घेताना दुकानात हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, 'ब्लूटूथ आहे ना?' हा प्रश्न अपुरा आहे. कंट्रोलर आधी जोडला जावा लागतो, मग त्याचे संदेश त्या यंत्राला समजावे लागतात आणि शेवटी गेमनेही ते स्वीकारावे लागतात. यातलं एक जरी अडलं तरी पैसे वाया जातात.

'एक्सबॉक्सचा कोणताही वायरलेस कंट्रोलर फोनला चालतो' हा गैरसमज सेकंडहँड घेणाऱ्यांना सगळ्यात महागात पडतो. २०१३ साली एक्सबॉक्स वनसोबत आलेल्या कंट्रोलरमध्ये ब्लूटूथ नव्हतंच. तो मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या वायरलेस पद्धतीवर चालतो. ब्लूटूथ आलं ते २०१६ मध्ये, एक्सबॉक्स वन एसबरोबर. घेताना मधल्या एक्सबॉक्स बटणाभोवतीचं प्लॅस्टिक नीट बघा. ते वरच्या बंपर बटणांच्या पट्टीला जोडलेलं असेल तर ब्लूटूथ नाही, पुढच्या बाजूशी सलग असेल तर आहे. तरीही शंका वाटली तर सेल काढून आतलं लेबल वाचा. १५३७ किंवा १६९७ हा मॉडेल क्रमांक दिसला, तर फोनसाठी तो घेऊ नका.

'जुना कंट्रोलर नव्या कन्सोलवर चालतोच' हेही अर्धसत्य. प्लेस्टेशन ४ चा ड्युअलशॉक ४ प्लेस्टेशन ५ ला जोडला जातो, त्यावर प्लेस्टेशन ४ चे गेम खेळताही येतात. पण प्लेस्टेशन ५ साठी बनलेले गेम त्यावर खेळता येत नाहीत. नव्या गेममध्ये प्लेस्टेशन ५ च्या ड्युअलसेन्स कंट्रोलरच्या सोयी वापरल्या जाव्यात, हे सोनीचं म्हणणं. घरात चांगला चालणारा कंट्रोलर असताना गिऱ्हाइकाला दुसरा घ्यायला लावणं मला पटत नाही.

पीसीवर बरीच मोकळीक आहे, पण तिथेही सगळं आपोआप होत नाही. विंडोजवरचे बरेच गेम एक्सइनपुट ही मायक्रोसॉफ्टची पद्धत गृहीत धरतात; प्लेस्टेशनचा कंट्रोलर ती वापरत नाही. म्हणून विंडोजला तो दिसतो आणि गेम मात्र ढिम्म! पीसी गेमसाठीच्या स्टीम ॲपच्या सेटिंगमध्ये 'स्टीम इनपुट' चालू केलं की मधलं भाषांतर स्टीम करतं. मात्र चौकोन-त्रिकोणाऐवजी स्क्रीनवर एक्स, वाय दिसू शकतात.

फोनवर शेवटचा शब्द गेमचा. आयफोनवर आयओएस १३ पासून, म्हणजे २०१९ पासून, ड्युअलशॉक ४ जोडता येतो; पण गेममध्येच सोय नसेल तर त्याचा उपयोग शून्य. कॉल ऑफ ड्युटी मोबाइलमध्ये सोय आहे, तरी मेनूसाठी बोटच लागतं.

आणि वायर लावूनही कंट्रोलर दिसत नसेल, तर तो बिघडला असं समजून दुरुस्तीला नेऊ नका. काही यूएसबी केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यातून डेटा जात नाही. आधी केबल बदलून पाहा.