नकाशांच्या परिषदेत काय पाहाल?

नकाशा म्हटला की हल्ली डोळ्यांपुढे मोबाइलवरची निळी रेघ येते. तो नकाशा एका कंपनीचा असतो. आपण तो वापरतो, पण त्यात काय असावे हे ती कंपनी ठरवते. याच्या शेजारी आणखी एक जग आहे. तिथे नकाशे बनवण्याची सॉफ्टवेअर सर्वांना खुली असतात. ती वापरा, आतली रचना पाहा, बदला, दुसऱ्याला द्या, कुणाची हरकत नाही. यालाच ओपन सोर्स म्हणतात. फुकट मिळणे हा त्याचा दुय्यम फायदा, खरा मुद्दा मोकळेपणाचा.

या जगाची परिषद म्हणजे ‘फॉस फोर जी’. २००६ साली ती स्वित्झर्लंडमधल्या लोझानला भरली. पुढे केपटाऊन, बार्सिलोना, सोल, दार-एस-सलाम अशी फिरत २०२५ मध्ये न्यूझीलंडच्या ऑकलंडला पोहोचली. आशियापुरती वेगळी परिषदही भरते आणि जानेवारी २०१७ मध्ये ती आपल्या हैदराबादेतच, गच्चीबावलीच्या ट्रिपल आयटीत झाली होती. पुन्हा कधी ती जवळपास भरली, तर ‘हे संगणकवाल्यांचे काम’ म्हणून सोडून देऊ नये, यासाठी हा लेख.

परिषदेचा क्रम साधारण ठरलेला असतो. आधी कार्यशाळा, मग भाषणे, शेवटी एक-दोन दिवस सॉफ्टवेअर लिहिणारे एकत्र बसून काम करतात. उद्घाटनाचे भाषण चुकले तरी फार बिघडत नाही. कार्यशाळा मात्र चुकवू नये.

त्यातही नवख्या माणसाने क्यूजीआयएसची निवडावी. गॅरी शर्मन या अलास्कातल्या गृहस्थांनी २००२ मध्ये सुरू केलेले हे सॉफ्टवेअर आज जगभरची सरकारी खाती आणि विद्यापीठे वापरतात. त्यात जुना कागदी नकाशा आजच्या नकाशावर बसवता येतो. नकाशा स्कॅन करायचा, त्यातली आजही जागेवर असलेली चार-सहा ठिकाणे शोधायची, म्हणजे पूल, दरवाजा, मशीद, रस्त्याचा तिठा. मग दोन्हीकडची तीच ठिकाणे एकमेकांशी जोडायची. बाकीचा कागद सॉफ्टवेअर ताणून-आकसून बसवते. १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतरच्या दशकात लेनर्ड मन यांच्या देखरेखीखाली हैदराबादचे तपशीलवार नकाशे तयार झाले. त्यातला एखादा असा बसवला, तर आजच्या कोणत्या गल्लीखाली तेव्हा काय होते ते डोळ्यांनी दिसते.

आम्हा बँकवाल्यांना याचे जरा जास्तच अप्रूप. १९८९ मध्ये सेवाक्षेत्र योजना आली आणि ग्रामीण शाखांना गावे वाटून दिली गेली. तेव्हा तहसील कचेरीतला नकाशा ट्रेसिंग पेपरवर उतरवून, रंगीत पेन्सिलीने गावे रंगवून आम्ही तो शाखेच्या भिंतीवर लावला होता. आज तेच काम तासाभराचे आहे.

भाषणांपैकी दोन प्रकारची आवर्जून ऐकावीत. पहिली, प्रत्येक सॉफ्टवेअरचा वार्षिक हालहवाल सांगणारी. ऐकायला रुक्ष, पण मला ती ताळेबंदाच्या वाचनासारखी वाटतात. काय नवे झाले, काय रखडले, काम करणारे हात किती, हे तिथे कळते. ‘जीडाल’चेच पाहा. निरनिराळ्या स्वरूपांतले नकाशे वाचून देणारा हा सॉफ्टवेअरचा संच फ्रँक वॉर्मरडॅम यांनी १९९८ मध्ये सुरू केला. आज तो ओपन सोर्सच काय, मोठ्या कंपन्यांच्या विकाऊ सॉफ्टवेअरच्याही पोटात असतो. तरी अनेक वर्षे त्याचा बहुतेक भार एव्हन रूओ या एकाच फ्रेंच तंत्रज्ञावर होता. अखेर २०२१ मध्ये तो वापरणाऱ्या कंपन्यांनी वर्गणी काढून देखभालीची सोय केली. एकाच माणसाकडे सगळ्या किल्ल्या असणे धोक्याचे, हे बँकेत कुणाला शिकवावे लागत नाही. इथे ते उमगायला वीसेक वर्षे लागली.

दुसरी भाषणे प्रत्यक्ष वापराची, त्यातही गरीब देशांतली. दार-एस-सलाममध्ये दर पावसाळ्यात वस्त्यांत पाणी शिरते आणि कित्येक वस्त्या नकाशावरच नव्हत्या. तिथे ‘रमानी हुरिया’ हा उपक्रम झाला. स्वाहिलीत याचा अर्थ मोकळा नकाशा. विद्यार्थी आणि रहिवासी मोबाइल घेऊन गल्लोगल्ली हिंडले, घरे आणि गटारे टिपली आणि ती माहिती ओपनस्ट्रीटमॅपवर चढवली. हा २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेला, लोकांनीच भरायचा जगाचा नकाशा. २०१८ ची परिषद त्याच शहरात भरली.

ओपनस्ट्रीटमॅपवर एका ठिकाणाचे नाव अनेक भाषांत नोंदवता येते. मराठीसाठी वेगळा रकाना आहे. तेलंगणातल्या किंवा मध्य प्रदेशातल्या गावाचे आपल्याकडे रूढ असलेले मराठी नावही त्यात बसते, त्यासाठी तिथल्या मूळ नावाला धक्का लावावा लागत नाही. परिषदेत नकाशा भरणाऱ्यांचे टोळके एखाद्या टेबलाशी हमखास असते. त्यांच्याजवळ बसावे, अर्ध्या तासात जमते.

पण नाव भरले म्हणजे ते नीट दिसेलच असे नाही, आणि आपल्या दृष्टीने हाच सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या नव्या पद्धतीच्या अनेक नकाशांत देवनागरी मोडकी उमटते. कारण साधे आहे. ही सॉफ्टवेअर मुळात रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून घडली, एकेक अक्षर सुटे काढून ओळीत मांडायचे अशी. आपली लिपी तशी चालत नाही. हिंगणघाट हे नाव घ्या. संगणकाच्या साठ्यात आधी ‘ह’ असतो आणि मग वेलांटी. लिहिताना मात्र वेलांटी ‘ह’च्या आधी यावी लागते. सुटी अक्षरे मांडणाऱ्या नकाशात ती भलत्याच जागी पडते. कात्रजमधला ‘त्र’ फुटतो तो वेगळाच. (भारताच्या महासर्वेक्षणाचा पाया घालणारे विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये याच हिंगणघाटी वारले. निदान त्या गावाचे नाव तरी नकाशावर सरळ उमटावे!) तेलुगू, कन्नड, बंगालीचीही हीच तक्रार आहे.

हा दोष कुणी मुद्दाम ठेवलेला नाही. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना आपली लिपी वाचता येत नाही, म्हणून त्यांच्या नजरेला तो बोचत नाही. परिषदेत हीच माणसे चहाच्या रांगेत आपल्यापुढे उभी असतात. बिघडलेल्या नावाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा, शेजारी तेच नाव कागदावर शुद्ध लिहून दाखवावे आणि अक्षर कुठे सरकले ते बोटाने दाखवावे. इंग्रजी जेमतेम असले तरी चालते. तक्रार कुठे नोंदवायची हे ते स्वतः सांगतात, बहुधा तिथेच नोंदवूनही घेतात.

प्रवेश शुल्क असते, विद्यार्थ्यांना सवलत मिळते आणि स्वयंसेवकही घेतले जातात. ज्यांना जाणे जमत नाही, त्यांना बरीचशी भाषणे नंतर यूट्यूबवर पाहता येतात. ‘ओएसजिओ लाइव्ह’ नावाचा एक संच पेनड्राइव्हवर उतरवून घेतला की त्यात यातली बहुतेक सॉफ्टवेअर तयार मिळतात. संगणक त्या पेनड्राइव्हवरूनच सुरू करायचा, मूळच्या विंडोजला हात लावावा लागत नाही.