कुलूपबंद तुकड्याची निगा : लिनक्स आणि ब्राउझरमधील प्लगइन

लिनक्सच्या संगणकावर सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवण्याचे काम सहसा वितरणाकडे असते. डेबियन, उबुंटू, फेडोरा यांसारखी वितरणे, म्हणजे लिनक्सचा गाभा आणि त्यावर चालणारी हजारो सॉफ्टवेअरे एकत्र बांधून देणारे प्रकल्प, आपापली भांडारे सांभाळतात. प्रत्येक सॉफ्टवेअर तेथे पॅकेजच्या रूपात ठेवलेले असते आणि एका आज्ञेसरशी गाभ्यापासून कॅल्क्युलेटरपर्यंत सारे नव्या आवृत्तीवर येते. या व्यवस्थेला वर्षानुवर्षे एक अपवाद राहिला, आणि तोही इंटरनेटवरून आलेली अनोळखी सामग्री थेट हाताळणारा : ब्राउझरमध्ये चित्रफिती, ध्वनी व खेळ चालवणारे प्लगइन.

प्लगइन म्हणजे ब्राउझरला स्वतःला न येणारे काम करण्यासाठी त्यात जोडलेला परका तुकडा. नेटस्केपने १९९०च्या दशकाच्या मध्यास अशा जोडणीचा एनपीएपीआय हा करार रूढ केला आणि पुढे फायरफॉक्स, ऑपेरा, क्रोम यांनीही तोच स्वीकारला. लिनक्सवर या तुकड्याचे रूप एका फाइलचे असे. फ्लॅश प्लेअरची फाइल ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवली की ब्राउझर सुरू होताना ती उचलून घेई. मॅक्रोमीडियाने वाढवलेले आणि २००५ च्या अखेरीस त्या कंपनीसह अडोबीकडे गेलेले फ्लॅश हे बंद सॉफ्टवेअर होते, म्हणजे त्याचा सोर्स कोड कंपनीबाहेर कोणाला पाहता येत नव्हता. त्यामुळे त्यातील दोष वितरणांना दुरुस्त करता येत नसे आणि वेगळ्या प्रोसेसरसाठी ते पुन्हा घडवताही येत नसे. शिवाय परवान्याच्या अटींमुळे डेबियनसारख्या प्रकल्पाला ते आपल्या भांडारात ठेवून वाटणेही शक्य नव्हते.

यावर काढलेला तोडगा चतुर असला तरी पुरता निर्धोक नव्हता. डेबियन आणि उबुंटू यांच्या भांडारांत फ्लॅशच्या नावाने जे पॅकेज असे, त्यात फ्लॅश नसे. अडोबीच्या सर्व्हरवरून फाइल उतरवून, ती अस्सल असल्याचे पडताळून योग्य जागी ठेवणारी लहानशी आज्ञावली तेवढी असे. अडोबीने नवी आवृत्ती आणून जुनी फाइल हलवली की उबुंटूच्या पॅकेजमधील पडताळणी फसे आणि स्थापना अर्ध्यावर अडे. डेबियनमध्ये धोका अधिक छुपा होता : पॅकेजची आवृत्ती तीच राहिल्याने नेहमीचे अद्यतन करूनही जुनेच फ्लॅश जागेवर राहू शके, आणि ते बदलण्यासाठी वापरकर्त्याला वेगळी आज्ञा आठवणीने द्यावी लागे. सारे काही अद्ययावत आहे, असे व्यवस्था सांगत असताना हल्लेखोरांच्या आवडीचे भोक मात्र उघडे राही.

कंपनीच्या प्राधान्यक्रमात लिनक्सचे स्थान कोठे होते, हे आवृत्त्यांच्या इतिहासावरून कळते. फ्लॅशची आठवी आवृत्ती लिनक्सवर आलीच नाही. नववी विंडोजनंतर काही महिन्यांनी, जानेवारी २००७ मध्ये आली. ६४ बिटी संगणक रूढ झाल्यावरही प्लगइन ३२ बिटीच राहिल्याने दोहोंमध्ये दुभाष्याचे काम करणारे एनएसप्लगइनरॅपर वापरावे लागे. अडोबीने २००८ मध्ये दिलेली ६४ बिटी चाचणी आवृत्ती २०१० मध्ये मागे घेतली गेली आणि पक्की आवृत्ती २०११ साली अकराव्या फ्लॅशबरोबर मिळाली. पुढच्याच वर्षी, ११.२ नंतर एनपीएपीआयसाठी लिनक्सवर नवी आवृत्ती येणार नाही, फक्त पाच वर्षे सुरक्षा दुरुस्त्या मिळतील, अशी घोषणा झाली. गूगलने आखलेल्या पेपर या नव्या करारावरचे फ्लॅश क्रोमबरोबर येई आणि त्याच्याबरोबरच अद्ययावत होई. म्हणून क्रोममधील तो तुकडा फायरफॉक्समध्ये चालवण्यासाठी फ्रेश प्लेअर प्लगइन नावाचा आणखी एक दुभाषी जन्मला. अडोबीने २०१६ मध्ये निर्णय फिरवला, पण तोवर फ्लॅशचे दिवस भरत आले होते.

कुलूप फोडता येत नसेल तर तशीच पेटी नव्याने घडवावी, हा दुसरा मार्गही अनुसरला गेला. ग्नॅश, स्वएफडेक व लाइटस्पार्क या प्रकल्पांनी फ्लॅशचे मुक्त पर्याय घडवले. नॉव्हेल कंपनीच्या आश्रयाने झालेल्या मूनलाइटने मायक्रोसॉफ्टच्या सिल्व्हरलाइट या प्लगइनची बरोबरी साधण्याचा प्रयत्न केला. मूळ कंपनीच्या गतीमागे धावताना या प्रकल्पांची दमछाक झाली, आणि सशुल्क चित्रपटांभोवतीचे कुलूप तर त्यांना उघडताच येत नव्हते.

सुटका झाली ती करारच मोडीत निघाल्याने. चित्रफीत व ध्वनी यांना स्वतःचे स्थान देणारे एचटीएमएल५ हे २०१४ मध्ये अधिकृत मानक ठरले. यूट्यूबने २०१५ च्या आरंभी त्यालाच मुख्य मार्ग केले. क्रोमने एनपीएपीआय २०१४ मध्ये लिनक्सवर, तर इतरत्र २०१५ मध्ये काढून टाकले. फायरफॉक्सने २०१७ मध्ये फ्लॅशखेरीज बाकी प्लगइनांना दार बंद केले. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार संपवला आणि जानेवारी २०२१ मध्ये दोन्ही ब्राउझरांतून ते गेले.

तरीही कुलूपबंद तुकडा पुरता गेला नाही, त्याचा आकार घटला आणि मालक बदलले. सशुल्क चित्रपट उलगडणारे गूगलचे वाइडवाइन बंदच आहे. फायरफॉक्स वापरकर्त्याच्या संमतीने ते उतरवून घेतो व स्वतः अद्ययावत ठेवतो, वितरणांनी घडवलेल्या क्रोमियममध्ये मात्र ते सहसा नसते. सिस्कोचे ओपनएच२६४ याहून बोधप्रद आहे : त्याचा सोर्स कोड खुला आहे, परंतु एच.२६४ या चित्रसंकोचन पद्धतीवरील पेटंटांचे शुल्क सिस्को फक्त स्वतः वाटलेल्या तयार फाइलीपुरते भरते. म्हणून फेडोरा ते पॅकेज स्वतः घडवते, पण त्याचे वाटप सिस्कोच्या सर्व्हरवरून होते. एच.२६४ पद्धतीच्या बहुतेक चित्रफितींसाठी मात्र फायरफॉक्स वितरणाच्या एफएफएमपेग या चित्रफिती उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरचा आधार घेतो. फ्लॅटपॅक किंवा स्नॅप या बंदिस्त बांधणीतील ब्राउझर वितरणाच्या एफएफएमपेगवर विसंबत नाही, त्याला लागणारे भाग त्या बांधणीच्या व्यवस्थेतूनच येतात.

त्यामुळे एकाच पडद्यावर दिसणाऱ्या चित्रामागे आज वितरण, ब्राउझरकर्ता, सिस्को आणि गूगल असे अनेक हात असू शकतात. पूर्वी वापरकर्त्याला आवृत्तीचा क्रमांक तपासावा लागे. आज क्रमांक बहुधा आपोआप बदलतो, आणि चित्र उमटले नाही तर कोणता तुकडा कोणाच्या भांडारातून आला आहे, हे आधी शोधावे लागते.