वेळेआधी पोहोचल्याचा दंड



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून या ऋतूत विद्वानांना ऐकण्याची सवय मराठी माणसाला लागली आहे. मी विद्वान नव्हे. येथे माजलगावात शेतीपंपांच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करणे हा माझा धंदा, आणि रानावनातून मोटारसायकल चालविणे ही माझी हौस. त्या हौसेतून मी दोन 'एंड्युरो' शर्यतींत भाग घेतला. त्यांविषयी चार शब्द सांगावेत असा चालकांचा आग्रह पडला, म्हणून उभा आहे.

शर्यत म्हटले की मुले विचारतात, "काका, किती पळवली?" या प्रश्नातच गैरसमज आहे. एंड्युरो म्हणजे तग धरणे. या शर्यतीचे मूळ १९१३ साली इंग्लंडमधील कार्लाइल येथे झालेल्या 'इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायल' या स्पर्धेत सापडते. त्या काळी मोटारसायकल नवी होती आणि ती वाटेत बंद पडणे हा नित्याचा प्रकार होता. कोणते यंत्र सहा दिवस खडकाळ, चिखलट वाटांवर टिकते हे पाहावे, असा हेतू होता. १९८१ पासून त्या स्पर्धेच्या नावात 'एंड्युरो' हा शब्द आला.

तिची रीत ऐकण्यासारखी आहे. स्पर्धक एकदम सुटत नाहीत. ठरलेल्या मिनिटाला ठरलेले स्पर्धक सुटतात. इशारा झाल्यापासून एका मिनिटात इंजिन सुरू झाले पाहिजे. वाट खुणांनी आखलेली असते व तिच्यावर ठिकठिकाणी चौक्या असतात. प्रत्येकाजवळ एक वेळपत्रिका असते. एका चौकीपासून दुसरीपर्यंतचे अंतर समजा चाळीस मिनिटांत तोडायचे आहे. त्रेचाळीस मिनिटे लागली तर तीन मिनिटांचा दंड, हे कोणालाही पटेल. पण सदतिसाव्या मिनिटाला चौकीत शिरलात तरीही तीन मिनिटांचा दंड! लवकर आलेल्याने चौकीबाहेर थांबून आपले मिनिट येण्याची वाट पाहावी, असा नियम आहे. फार उशीर झाला तर नावच वगळले जाते. मध्ये काही छोटे टप्पे असतात. तेथे मात्र सेकंदांचा हिशेब होतो आणि तेथेच काय तो वेग दाखवायचा. रात्री गाड्या कुंपणाच्या आत बंद. तेथे त्यांना हात लावायची सोय नाही. दुरुस्ती वाटेत, नेमून दिलेल्या वेळात आणि स्वतःच्या हाताने करायची.

यात हौशी माणसाला काय जागा, असे कोणी विचारील. स्टीव्ह मॅक्क्वीन हा अमेरिकेचा विख्यात चित्रनट. १९६४ साली पूर्व जर्मनीत एरफुर्ट येथे हीच सहा दिवसांची स्पर्धा झाली, तेव्हा तो आपल्या देशाच्या संघातून उतरला होता. त्याला ती पुरी करता आली नाही. आपल्याकडे रेड दि हिमालया ही रॅली १९९९ साली सुरू झाली, तीत अनेक हौशी स्वार उतरले. बेंगळुरूचे सी. एस. संतोष २०१५ साली डाकार रॅलीत उतरले. त्या रॅलीत उतरणारे ते पहिले भारतीय मोटारसायकलस्वार. पुढे केरळच्या हरिथ नोआ यांनी २०२४ साली त्याच रॅलीत आपल्या वर्गाचे विजेतेपद मिळविले. हे मोठे लोक झाले. आमच्यासारख्यांचे ध्येय एकच : शेवटच्या चौकीपर्यंत पोहोचणे.

माझा सराव घरच्या पडीक रानात आणि तेलगावच्या पुढे धारूरकडे चढणाऱ्या बालाघाटाच्या मुरमाड उतारांवर झाला. धरणाचे पाणी ओसरले की मोकळा तळ खुणावतो. पण तेथे लोकांचा गाळपेरा असतो, म्हणून त्या बाजूला मी गाडी घातली नाही. आपली काळी जमीन हा मोठा कडक गुरू आहे. ओली असली की चिखल चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये असा घट्ट बसतो की चाक फिरेनासे होते. वाळली की भेगांत चाक अडकते. वापसा असेल तेव्हा मात्र टायरची बोटे मातीत नेमकी रुततात आणि गाडी लोण्यातून जावी तशी जाते.

सरावात पहिला शत्रू भेटला तो म्हणजे माझी स्वतःची मूठ. नवखा माणूस भीतीने हँडल आवळून धरतो. अर्ध्या तासात कोपराखालचे स्नायू दगडासारखे होतात आणि बोटांना ब्रेक ओढवत नाही. पावडीवर उभे राहून गुडघ्यांनी गाडी धरायची व हात सैल सोडायचे, हे पुस्तकात वाचले होते. पण उमजले ते वडिलांमुळे. ते बांधावरून पाहत होते. म्हणाले, "अरे, रुमणं दाबू नये, नुसतं धरावं."

पहिली शर्यत ऑक्टोबरात, सह्याद्रीच्या पायथ्याशी होती. तेथील तांबडी माती आणि शेवाळलेला खडक मला अनोळखी. तरी पहिल्या टप्प्यात मी सुसाट गेलो, चार जणांना मागे टाकले आणि छाती फुगवून दुसऱ्या चौकीत शिरलो. तेथल्या गृहस्थाने घड्याळाकडे पाहिले आणि शांतपणे चार मिनिटांचा दंड लिहिला. नियम मला तोंडपाठ होता. पण पाठांतर आणि संयम यांत फार अंतर असते. तो दंड भरून काढण्याच्या ईर्षेने पुढे ओढ्यात घसरलो. गाडी आडवी झाली आणि एअर फिल्टरमधून पाणी इंजिनात गेले. अशा वेळी बटण दाबून इंजिन फिरवू नये. पाणी हवेसारखे दबत नाही, त्यामुळे आतला दांडा वाकतो. आधी प्लग काढावा लागतो, मग इंजिन फिरवले की पाणी पिचकारीसारखे बाहेर पडते. हे सारे थरथरत्या हातांनी करीपर्यंत वेळ टळून गेली. माझे नाव वगळले गेले.

खरा दंड घरी आल्यावर झाला. एका शेतकऱ्याची मोटार गुरुवारी देतो असे मी कबूल केले होते. मी परतलो सोमवारी. ऑक्टोबरच्या उन्हात त्याचा ऊस चार दिवस पाण्यावाचून उभा होता. तो भांडला नाही. एवढेच म्हणाला, "तुम्ही तिकडं चिखलात खेळत होतात, इकडं माझा ऊस माना टाकत होता." हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो. असते, बंधूंनो; पुष्कळदा ते दुसऱ्याच्या खिशातून जाते.

त्या दिवसापासून दुकानात येणाऱ्या प्रत्येक मोटारीला मी एक चिठ्ठी बांधतो आणि तिच्यावर परत देण्याची वेळ लिहितो. पुढच्या वर्षी शर्यतीला निघण्यापूर्वी आठ दिवस नवे काम घेतले नाही. होते ते सारे पोहोचते केले. त्या खेपेस दुसऱ्या चौकीशी तीन मिनिटे आधी आलो आणि बाहेर थांबलो. ती तीन मिनिटे फार लांब वाटली. पण श्वास खाली बसला, घोटभर पाणी प्यायलो, साखळी तपासली. तिची एक कडी सुटायला आली होती, ती बदलली. बाहेर थांबायला का लावतात, हे मला तेव्हा समजले. मी शेवटून तिसरा आलो. पण शेवटची चौकी गाठली.

आपल्या मुलखातल्या शेतकऱ्याला यात नवे काही नाही. पाऊस पडल्याबरोबर तिफण घातली तर चिखल होतो; फार थांबले तर ओल उडून जाते. तो बांधावर बसून मूठभर माती चाचपतो आणि वापशाची वाट पाहतो. मला ती गोष्ट दोनदा ओढ्यापर्यंत जाऊन शिकावी लागली. मुले आता विचारतात, "काका, किती पळवली?" तेव्हा मी सांगतो, "तीन मिनिटे थांबवली." ती हसतात. त्यांना माझी वेळपत्रिका दाखवतो. दुसऱ्या चौकीपुढे दंडाचा रकाना कोरा आहे.