विश्लेषण : ‘एंडगेम’च्या अंत्यविधीतील ‘तो’ तरुण अनेकांना का ओळखू आला नाही? भावनांमुळे आठवण पक्की होते की अर्धवट?

‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’ २६ एप्रिल २०१९ रोजी भारतात प्रदर्शित झाला. त्यातील टोनी स्टार्कच्या अंत्यविधीचा प्रसंग अनेक चाहत्यांना आजही जसाच्या तसा आठवतो. मात्र याच प्रसंगात मागे एकटा उभा असलेला तरुण कोण, असा प्रश्न चित्रपटगृहाबाहेर पडलेल्या अनेकांना पडला होता. काहींच्या तर तो लक्षातही राहिला नाही. एकाच दृश्यातील एक गोष्ट मनावर कोरली जाते आणि दुसरी पुसली जाते, असे का होते? स्मृतीवरील संशोधन याविषयी काय सांगते?

त्या प्रसंगात नेमके काय दिसते?

तळ्याच्या पाण्यावर फुलांचे चक्र सोडले जाते. त्याच्या मधोमध टोनीचा पहिला ‘आर्क रिअ‍ॅक्टर’ असतो. ‘आयर्न मॅन’ (२००८) या पहिल्या चित्रपटात पेपर पॉट्सने तो काचेत बसवून टोनीला भेट दिला होता. अकरा वर्षांचा हा धागा बहुतेकांनी लगेच ओळखला. त्यानंतर कॅमेरा शोकाकुल मंडळींवरून संथपणे फिरतो. त्यांच्यात मागच्या बाजूला हार्ली कीनर उभा आहे. ‘आयर्न मॅन ३’मध्ये (२०१३) अडचणीत सापडलेल्या टोनीला टेनेसीतील छोट्या गावात मदत करणारा मुलगा तो हाच. भूमिकाही त्याच अभिनेत्याने, टाय सिम्पकिन्सने केली आहे. सहा वर्षांत त्याचा चेहरामोहरा बदलला, हे तो न ओळखला जाण्याचे एक कारण आहेच. दुसरे कारण प्रेक्षकांच्या मनःस्थितीत सापडते.

भावनेमुळे आठवण पक्की कशी होते?

मेंदूत ‘अमिग्डाला’ नावाचा बदामाच्या आकाराचा भाग असतो. भीती, दुःख, आनंद अशी तीव्र भावना जागी झाली की तो सक्रिय होतो. शरीरात अ‍ॅड्रेनालिन आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन वाढते. ‘हे महत्त्वाचे आहे, जपून ठेवा’ असा जणू संदेश आठवणी साठवणाऱ्या ‘हिप्पोकॅम्पस’पर्यंत पोहोचतो.

अमेरिकी संशोधक लॅरी काहिल आणि जेम्स मॅकगॉ यांच्या चमूने १९९४ मध्ये याची चाचणी घेतली. अपघातात गंभीर जखमी झालेल्या मुलाची गोष्ट चित्रांसह काही जणांना दाखवण्यात आली, तर इतरांना तीच चित्रे साध्या, भावनाविरहित गोष्टीसह. त्याआधी काहींना अ‍ॅड्रेनालिनचा परिणाम रोखणारे ‘प्रोप्रॅनोलॉल’ हे औषध दिले होते, तर काहींना औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी. आठवड्याने विचारले असता निष्क्रिय गोळी घेतलेल्यांना अपघाताचा भाग अधिक चांगला आठवत होता. औषध घेतलेल्यांच्या बाबतीत हा फायदा दिसला नाही. साध्या गोष्टीच्या आठवणीवर मात्र औषधाचा परिणाम झाला नव्हता.

मग कडेचे तपशील का निसटतात?

कारण भावनेचा प्रकाशझोत अरुंद असतो. उत्तेजना वाढली की लक्षाचा आवाका आक्रसतो, अशी मांडणी जे. ए. ईस्टरब्रूक यांनी १९५९ मध्ये केली होती. पुढे एलिझाबेथ केन्सिंगर आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत त्याचे स्पष्ट उदाहरण मिळाले. रस्त्यावर चक्काचूर झालेल्या मोटारीचे चित्र पाहणाऱ्यांना मोटार चांगली आठवली, पण मागचा रस्ता आठवला नाही. धडधाकट मोटार पाहणाऱ्यांच्या बाबतीत ही तफावत तितकी नव्हती. म्हणजे मध्यवर्ती गोष्टीची आठवण पक्की होते, तेव्हा तिची किंमत आजूबाजूच्या गोष्टी मोजतात.

अंत्यविधीच्या दृश्यात ‘मध्य’ म्हणजे पेपर, लहानगी मॉर्गन आणि ते फुलांचे चक्र. डोळे पाणावलेल्या प्रेक्षकासाठी हार्ली हा मागचा रस्ता ठरतो.

चित्रपटांत असे तपशील कुठे दडवले जातात?

अशा दडवलेल्या तपशिलांना ‘ईस्टर एग’ म्हणतात. हा शब्द व्हिडीओ गेममधून आला. अटारी कंपनी गेम बनवणाऱ्यांची नावे देत नसे, म्हणून वॉरन रॉबिनेट यांनी ‘अ‍ॅडव्हेंचर’ या गेममधील एका गुप्त खोलीत आपले नाव दडवले होते.

सुपरहिरोपटांत असे तपशील बहुधा चौकटीच्या कडेला असतात. ‘आयर्न मॅन’मध्ये यंत्रे टोनीच्या अंगावरचे चिलखत उतरवत असताना पेपर अचानक आत येते. सारे लक्ष या फजितीकडे असते आणि मागच्या टेबलावर कॅप्टन अमेरिकाच्या ढालीसारखी अर्धवट ढाल पडलेली असते. ‘थॉर’मध्ये (२०११) ओडिनच्या तिजोरीत ‘इन्फिनिटी गॉन्टलेट’ क्षणभर दिसतो. तो नकली असल्याचा खुलासा थेट ‘थॉर : रॅग्नारोक’मध्ये (२०१७) होतो. ‘द विंटर सोल्जर’मध्ये (२०१४) निक फ्युरीच्या थडग्यावर बायबलमधील यहेज्केल २५:१७ चा उल्लेख आहे. फ्युरी साकारणारे सॅम्युएल जॅक्सन यांचा ‘पल्प फिक्शन’मधील (१९९४) गाजलेला संवाद त्याच वचनाच्या नावाने आहे.

दुसऱ्यांदा पाहताना ते कसे दिसतात?

पहिल्यांदा पाहताना पुढे काय होणार, याची धाकधूक असते. नजर चेहरा, संवाद आणि हालचाल यांच्यामागे जाते. दुसऱ्यांदा शेवट ठाऊक असतो, ताण ओसरलेला असतो आणि नजरेला चौकटीत फिरायला सवड मिळते. काय शोधायचे हे आधी कळले असेल, तर ते आणखी पटकन सापडते.

‘मला तेव्हाच दिसले होते’ हा दावा कितपत खरा?

चित्रपटातील दडलेले तपशील उलगडणारे व्हिडीओ पाहिल्यानंतर अनेकांना असे वाटते. त्यात खोटेपणा असतोच असे नाही. नंतर मिळालेली माहिती मूळ आठवणीत मिसळते, हे एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये दाखवले. विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखवली. नंतर वेगाविषयी विचारताना काहींसाठी ‘धडकल्या’, तर काहींसाठी ‘आदळून चक्काचूर झाल्या’ अशा अर्थाचे शब्द वापरले. आठवड्याने विचारले, ‘फुटलेली काच दिसली होती का?’ ‘चक्काचूर’ ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी, तर ‘धडकल्या’ ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांनी ‘हो’ म्हटले. चित्रफितीत फुटलेली काच नव्हतीच.

भावना तीव्र असली की चूक ओळखणे आणखी कठीण होते. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ अंतराळयानाचा स्फोट झाला. ही बातमी कुठे, कशी कळली, हे अल्रिक नायसर आणि निकोल हार्श यांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतले. सुमारे अडीच वर्षांनी त्यांतील ४४ जणांना पुन्हा तेच विचारले, तेव्हा ११ जणांची सर्व मुख्य उत्तरे चुकली. तरी अनेकांना आपल्या आठवणीची खात्री होती. स्वतःच्या हस्ताक्षरातील कागद पाहूनही चुकलेल्यांना मूळ आठवण परत आली नाही.

जेनिफर टालारिको आणि डेव्हिड रुबिन यांनी ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर ५४ विद्यार्थ्यांचा असाच अभ्यास केला. हल्ल्याची आठवण आणि त्याच दिवसांतील एखाद्या साध्या प्रसंगाची आठवण यांतील विसंगती सारख्याच गतीने वाढत गेली. टिकून राहिला तो हल्ल्याच्या आठवणीवरचा विश्वास.

याचा चित्रपटाबाहेर काय संबंध?

संबंध थेट न्यायालयाशी आहे. १९८७ मध्ये लॉफ्टस आणि सहकाऱ्यांनी एका उपाहारगृहातील प्रसंगाची चित्रमालिका दाखवली. एका मालिकेत ग्राहकाच्या हातात धनादेश होता, दुसरीत बंदूक. बंदूक पाहणाऱ्यांची नजर तिच्यावरच खिळली आणि तिच्यामागचा माणूस ओळखणे त्यांना जड गेले. हार्लीच्या बाबतीत जे घडते, त्याचे हे गंभीर रूप. फरक इतकाच, की इथे न ओळखलेला किंवा चुकीचा ओळखलेला माणूस तुरुंगात जाऊ शकतो. अमेरिकेत ‘इनोसन्स प्रोजेक्ट’ने नोंदवलेल्या, डीएनए चाचणीमुळे निर्दोष ठरलेल्यांच्या निम्म्याहून अधिक प्रकरणांत साक्षीदाराने चुकीचा माणूस ओळखला होता.

भारतात तपासादरम्यान ओळख परेड घेतली जाते. मात्र ती स्वतंत्र ठोस पुरावा मानली जात नाही, न्यायालयातील साक्षीला पुष्टी देण्यापुरती तिची किंमत असते. परेडला उशीर झाला, किंवा त्याआधी आरोपीचे छायाचित्र साक्षीदाराने पाहिले असेल, तर बचाव पक्ष त्यावर बोट ठेवतो. स्मृतीविषयीचे संशोधन पाहता हा आक्षेप निव्वळ तांत्रिक नाही.

म्हणूनच एखादा अपघात किंवा गुन्हा डोळ्यांसमोर घडला, तर इतरांशी चर्चा करण्याआधी, बातम्या आणि व्हिडीओ पाहण्याआधी, जे आठवते ते तारीख-वेळेसह लिहून ठेवणे हिताचे. जे दिसले नाही, तिथे ‘दिसले नाही’ असेच लिहावे. काही महिन्यांनी खात्री कितीही वाटली, तरी तो कागद त्या खात्रीपेक्षा अधिक विश्वासाचा ठरतो.