पोटात शिरलेली हवा

 झोपेत श्वास अडखळू नये म्हणून सीपॅप यंत्राचा मास्क लावून झोपणाऱ्याचे पोट सकाळी तट्ट फुगले, ढेकरांवर ढेकर आले, तर लगेच रात्रीच्या जेवणावर खापर फोडू नका. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या या उपचारात दाबाची हवा घसा उघडा ठेवते. अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेली स्नायूंची झडप ढिली पडली, की तीच हवा जठरात उतरते. चोंदलेले नाक आणि आम्लपित्त त्यात भर घालतात.

झोपण्याआधी दोन-तीन तास जेवण उरका. उशाकडची बाजू उंच करा, डाव्या कुशीवर झोपा, मास्क गळत नाही ना ते पाहा. तरीही पोट फुगतच राहिले, तर यंत्रातल्या नोंदी डॉक्टरांना दाखवा; गरजेप्रमाणे दाब तेच बदलतील. परस्पर यंत्र बंद केले, तर श्वास पुन्हा अडखळू लागेल.