गोधडीचा टाका आणि घामाचा दाम



गळीत हंगाम सुरू झाला आणि थंडीने जोर धरला, की घरोघरी माळ्यावरची वाकळ खाली येते. दिवसभर उन्हात पडते, काठीने झटकली जाते आणि रात्री अंगावर येते. बीडकडून ऊसतोडीला आलेल्या टोळ्यांच्या कोप्यांत डोकावून पाहा. भांड्याकुंड्यांच्या बरोबरीने गावाकडून आलेली वस्तू म्हणजे वाकळच. कुणी तिला गोधडी म्हणते. तान्ह्या बाळासाठी लहान शिवली की तिचेच दुपटे होते.

या पानांवर नेहमी लागण, खोडवा, खते आणि पाणी यांचीच चर्चा असते. या वेळी आम्ही घरातला विषय घेतला आहे. पण प्रश्न आपल्या ओळखीचाच आहे : माल कुणाचा, मेहनत कुणाची आणि दाम कुणाच्या पदरात?

गाठोडे सोडताना

वाकळेची सुरुवात सुईच्या आधी गाठोड्यापासून होते. जुनी लुगडी, धोतरे, पटके, सदरे, परकर, चोळीचे खण असे वर्षानुवर्षे साठलेले गाठोडे सोडायचे आणि निवड करायची. पहिली पारख सुताची. वापरून आणि धुऊन मऊ पडलेले सुती कापड सर्वांत चांगले. याला शास्त्राचाही आधार आहे. नेहमीच्या हवेत १०० ग्रॅम कोरडे सुती कापड सुमारे ८ ग्रॅम ओलावा धरते. पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा धरत नाही. म्हणून नुसत्या पॉलिएस्टरच्या साड्यांची वाकळ घेतली तर अंग घामेजते, थर एकमेकांवर सरकतात, आणि चुलीची ठिणगी उडालीच तर ते कापड वितळून कातडीला चिकटते. आता घरांतून सुती लुगडी कमी आणि अशा साड्याच जास्त निघतात, हे खरे. पण लहान मुलांच्या आणि चुलीजवळ निजणाऱ्यांच्या वाकळेत त्या घालूच नयेत. इतर वेळी आतल्या थरात घाला, अंगाकडची बाजू मात्र सुतीच ठेवा.

दुसरी पारख बळाची. कापड उजेडाकडे धरून दोन्ही हातांनी ताणून बघावे. विरलेला भाग आत आणि धड भाग वर-खाली, असा साधा नियम आहे. तिसरी पारख रंगाची. पांढरी चिंधी ओली करून तुकड्यावर घासा. चिंधीला रंग लागला तर तो तुकडा वेगळा धुऊन घ्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात शेजारचा पांढरा तुकडा लाल झालाच म्हणून समजा.

रंगांची मांडणी

गोधडी म्हणजे चिंध्यांची जोडाजोड, असे कुणी म्हणाले तर त्याने चांगली गोधडी पाहिलेली नाही. जिच्या हाताला वळण आहे ती बाई आधी तीन ढीग करते : गडद, मधले आणि फिके. सगळेच भडक एकत्र आले की एकही उठून दिसत नाही. गडदाशेजारी फिका आला की दोन्ही बोलू लागतात.

कडेला सहसा गडद रंग घेतात, कारण हात आणि मळ कडेलाच जास्त लागतो. लुगड्याचे काठ उसवून त्यांची चौकट केली की आतल्या तुकड्यांना शिस्त येते. इरकलीचा लाल-पांढरा पदर असेल तर तो कापून विखरू नये. अखंड पट्टी म्हणून वापरावा. गुळेदगुड्डच्या खणाचे लहान तुकडे चौकोन किंवा त्रिकोण करून मधेमधे पेरावेत. आणि मधला चौक राखून ठेवावा जिवाभावाच्या तुकड्यासाठी. कुणी तिथे लग्नातल्या लुगड्याचा तुकडा लावते, कुणी लेकराच्या पहिल्या कुंचीचा.

तुकडे शिवण्याआधी अंगणात मांडावेत, चार पावले मागे सरून डोळे बारीक करून पाहावेत. कुठे एकाच रंगाचा ढीग झाला आहे ते लगेच कळते. कापताना उभ्या-आडव्या धाग्याला धरून कापावे. तिरका कापलेला तुकडा ओढ खातो आणि पुढे वाकळ एका बाजूला तणते. जोडाला पाव इंच कापड सोडावे. आधी तुकड्यांच्या पट्ट्या, मग पट्ट्यांना पट्ट्या जोडाव्यात, म्हणजे शिवण सरळ राहते.

थर आणि टाका

आता थोडे मोजमाप. ५ फूट रुंद आणि ७ फूट लांब वाकळ म्हणजे ३५ चौरस फूट. नऊवारी लुगडे २७ फूट लांब. पन्हा पावणेचार फूट धरला तर सुमारे १०१ चौरस फूट होतात. विरलेला भाग वजा जाता एका लुगड्यात अडीच थर बसतात. पाच थरांच्या वाकळेला दोन लुगडी लागतात ती अशी.

जमीन झाडून-सारवून त्यावर अस्तर अंथरायचे, त्यावर आतले थर. आतल्या तुकड्यांचे जोड एकावर एक येऊ द्यायचे नाहीत, नाहीतर तिथे गाठ राहते आणि पाठीला टोचते. सर्वांत वर मांडणीचा थर. चार कोपऱ्यांवर वजन ठेवून, सुरकुत्या काढून, लांब कच्चे टाके घालून घ्यायचे. मग खरा धावदोरा सुरू होतो. कडेपासून चारी बाजूंनी ओळ फिरवत आत-आत जायचे, ते मधल्या चौकात येऊन थांबायचे. शिवणारी त्या वाकळेवरच बसते आणि ओळीबरोबर सरकत राहते. प्रत्येक टाका सगळ्या थरांतून गेलाच पाहिजे.

ऊब येते ती थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. टाके फार लांब पडले तर थर गोळा होतात आणि ऊब जाते. फार घट्ट ओढले तर हवेला जागाच उरत नाही. दोरा किती ओढायचा, हे बाईच्या बोटांना कळते. ते पुस्तकात वाचून येत नाही, शेजारी बसूनच येते.

टाक्यांचा हिशेब

दोन ओळींत एक इंच अंतर धरले तर या वाकळेवर ५,०४० इंच ओळ होते. इंचाला ३ टाके धरले तर टाके झाले १५,१२०. दुपदरी दोरा आणि थरांची जाडी धरता सुमारे ३०० मीटर दोरा लागतो. मिनिटाला १० टाके पडले, तरी नुसत्या शिवणीला २५ तास झाले. धुणे, उसवणे, कापणे, जोडणे, पसरणे मिळवा, म्हणजे चार दिवस सहज जातात. तेही मान मोडून, डोळे ताणून.

आता सभासदांनी मनाशी विचार करावा. आपल्या रानात खुरपणीला बाई लावली तर चार दिवसांची मजुरी किती होते, हे प्रत्येकाला तोंडपाठ आहे. दारावर आलेल्या व्यापाऱ्याला त्याहून कमी पैशांत गोधडी दिली, तर कापड, दोरा आणि कसब आपण फुकटच दिले, शिवाय मजुरीतही घट सोसली. शहरात तीच गोधडी हाताची वस्तू म्हणून दुकानात मांडली जाते आणि तिची किंमत पाहून आपलेच डोळे विस्फारतात. काट्याची पावती घेतल्याशिवाय आपण उसाची गाडी जागची हलवत नाही. मग घरातला माल नजरेच्या अंदाजाने का देऊन टाकतो?

हाच प्रश्न एकेकाळी अमेरिकेतल्या कापूस पिकवणाऱ्या बायकांपुढे उभा राहिला होता. त्यांनी त्याला काय उत्तर काढले, ते सहकारातल्या माणसांनी ऐकण्यासारखे आहे.

अलाबामातली सावड

अमेरिकेच्या दक्षिणेला अलाबामा राज्यात विलकॉक्स नावाचा जिल्हा आहे. अलाबामा नदीच्या वळणावरच्या जीज बेंड या वस्तीत आणि आसपास राहणारी कृष्णवर्णीय कुटुंबे ही कापसाच्या मळ्यांवर राबलेल्या गुलामांची वंशज. तिथल्या बायकाही कामावरच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. गुडघ्यावर विटलेल्या पँटी, पिठाची पोती, झिजलेले सदरे, असेच त्यांचेही गाठोडे. १९६५ च्या सुमारास मताचा हक्क मागितला म्हणून त्यांतल्या अनेक कुटुंबांची कामे गेली, कुळाची जमीन सुटली, डोक्यावरचे छप्परही गेले.

फ्रान्सिस वॉल्टर नावाच्या एका धर्मोपदेशकाने दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या पाहिल्या आणि त्या न्यूयॉर्कला लिलावात विकण्याची खटपट केली. त्यातून १९६६ मध्ये बायकांची सहकारी संस्था उभी राहिली. नाव ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’. ‘बी’ म्हणजे शेजारणींनी एकत्र जमून काम उरकणे, आपल्याकडची सावडच म्हणा ना. एस्टेल विदरस्पून यांनी दीर्घकाळ तिचा कारभार पाहिला. संस्थेने पुढे २३ एकर जमीन घेतली, मताच्या हक्कापायी बेघर झालेल्या कुटुंबांना तीतून घरासाठी जागा विकत दिल्या, आणि १९६९ मध्ये स्वतःचे शिवणकेंद्र बांधले. १९७२ मध्ये सिअर्स या मोठ्या दुकानदार कंपनीचे उशांच्या अभ्य्रांचे काम मिळाले. सुईवर उभी राहिलेली ही संस्था होती.

पण तिच्या कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मोठ्या दुकानांना एका मापाचा, एका नमुन्याचा माल हवा असे. मनाने मांडलेले रंग तिथे चालत नसत. बायका ठरलेला नमुना केंद्रात शिवत आणि आपल्या मनाची गोधडी घरी. जुन्या सभासद वयोवृद्ध झाल्या, मागून नव्या पुरेशा आल्या नाहीत, आणि २०१२ मध्ये संस्था बंद झाली. गंमत अशी, की जीज बेंडच्या घरी शिवलेल्या मनाच्या गोधड्याच २००२ मध्ये ह्यूस्टनच्या आणि न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयांच्या भिंतींवर लागल्या, आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांवर १० तिकिटे काढली.

आपण काय करावे

प्रवरानगरला १९५०-५१ मध्ये पहिल्या सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले, तेव्हा पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यापुढे ठेवलेली गोष्ट साधी होती : आपला माल आपणच पुढच्या टप्प्याला न्यावा. जे उसाला लागू, ते गोधडीलाही लागू आहे. आमच्या सूचना अगदी थोड्या आहेत.

एक, शिवायला बसल्या दिवसापासून तास आणि दोऱ्याचा खर्च वहीत मांडावा. लिहिता न येणाऱ्या मावशींसाठी हे काम घरातल्या शाळकरी मुलाने करावे. दोन, विकायचे तर गावातल्या बचत गटातर्फे विकावे, आणि दिवसाच्या मजुरीखाली भाव उतरू द्यायचा नाही असे सर्वांनी मिळून ठरवावे. एकीने पाडला की सगळ्यांचा पडतो. तीन, ऊस घरच्या पुरुषाच्या नावे असेल, पण गोधडीचे पैसे जिने टाके घातले तिच्याच खात्यात जमा व्हावेत. चार, गिऱ्हाईक सांगेल ते माप जरूर द्यावे, पण रंगांची मांडणी आपली राखावी. आणि पाच, आजी वाकळेला बसली की नातीला, आणि नातवालाही, शेजारी बसवावे. पहिली ओळ वाकडी जाईल. जाऊ द्यावी, उसवू नये. दुसरी सरळ येते.

घरात सुती लुगडे अजून आहे आणि धावदोऱ्याचे वळण असलेला हातही आहे, अशी घरे दरवर्षी कमी होत चालली आहेत. कारखान्याचा पट्टा पडेल, उन्हाळा लागेल, रानातली कामे हलकी होतील. दुपारच्या त्या मोकळ्या वेळात गाठोडे खाली काढावे, एवढीच आमची विनंती.