पाटीवरचं ‘एंटरप्रायझेस’ आणि कागदावरची सही

रेणापूरहून लातूरला जाताना दुकानांच्या पाट्या वाचत जा. खतं-बियाणं असो, स्टील असो की मंडप, नावाच्या शेवटी ‘एंटरप्रायझेस’ दिसतंच. समजा, आपल्या गावच्या रेणुकामातेच्या नावानं कुणी ‘रेणुका एंटरप्रायझेस’ काढलं, तर ती कंपनी झाली का?

नाही. एंटरप्राइज म्हणजे हाती घेतलेलं काम, उद्यम. ‘एंटरप्रायझेस’ हे त्याचं अनेकवचन. दुकान एकच असलं तरी पाटीवर तसं लिहायची रीत पडली आहे. आपला पापड-शेवयांचा धंदा, मसाल्याची गिरणी हेही एंटरप्राइजच. केंद्र सरकारनं १ जुलै २०२० पासून सुरू केलेल्या नोंदणीचं नावही ‘उद्यम’च आहे. सरकारी पोर्टलवर ती आधार क्रमांकावर होते, तिला फी नाही.

म्हणून पाटी सोडा, कागद बघा. कागदावर ‘प्रोप्रायटर’ असेल, तर मालकी एकटीची. कायद्यात धंदा आणि मालकीण वेगळ्या नाहीत. धंद्याचं कर्ज थकलं की ते तिचंच कर्ज. ‘पार्टनर’ असेल तर १९३२ चा भागीदारी कायदा लागतो. एकीनं धंद्यासाठी केलेलं देणं सगळ्यांवर येतं. ‘प्रायव्हेट लिमिटेड’ असेल तर ती कंपनी. तिथं भागधारकाची जबाबदारी भागाच्या रकमेपुरती. पण कर्जाला स्वतः जामीन राहिलात, तर ती भिंत उरत नाही.

हे आम्ही का सांगतोय? महिलांना सवलत मिळते म्हणून कित्येक घरांत धंदा नवऱ्याचा आणि सही बायकोची असते. हप्ते थकले की नोटीस तिच्याच नावानं येते. दुसरी गोष्ट गटाची. दहा जणींनी पैसे घातले आणि ‘एंटरप्रायझेस’ एकीच्याच नावावर नोंदलं, तर कागदावर मालकीण ती एकटीच. उद्या बिनसलं तर बाकी नऊ जणींनी हक्क कशावर सांगायचा? म्हणून कुणाचे किती पैसे, नफा कसा वाटायचा, हे आधीच लिहून सगळ्यांनी सह्या करा.

सही करण्याआधी एवढंच विचारा: “यात मी कोण? प्रोप्रायटर, पार्टनर, भागधारक की जामीनदार?” उत्तर कळेपर्यंत पेन उचलू नका, बायांनो.